एक्सलचं रबर फाटलंय, आता?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाऊस सुरू झाला की गाडीखाली वाकून बघणारे वाढतात. या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: गिअर बॉक्सकडून पुढच्या चाकाकडे जाणारा एक्सल, त्याचे दोन जॉइंट (गिअर बॉक्सकडचा आतला, चाकाकडचा बाहेरचा) आणि त्यांवरचं घडीघडीचं रबर, म्हणजे बूट. म्हणून हा अंक त्यालाच दिला आहे.

प्रश्न: माझी वॅगनआर 70 हजार किलोमीटर चालली आहे. उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर, काळ्या ग्रीसचं कडं उमटलंय. आवाज अजिबात नाही. एक गॅरेज म्हणतं, अख्खा एक्सल टाका. दुसरं म्हणतं, फक्त बूट टाका. कोणाचं ऐकू? (कसबा बावडा)

आवाज नसेल तर आधी दुसऱ्याचं ऐका, पण जॉइंट उघडून बघण्याच्या अटीवर.

रिमवरचं कडं म्हणजे बाहेरचा बूट फाटलाय आणि चाक फिरताना ग्रीस भिरभिरून उडतंय. हे ग्रीस लोअर आर्मवर (चाकाला खालून धरणारा आडवा हात), ब्रेकच्या होजवर, शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या बुडख्यावरही दिसेल. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे बुटाच्या घड्या उघडतात, आणि टॉर्च लावून प्रत्येक घडीचा तळ बघा. चीर बहुतेक घडीच्या खोलगट भागात असते, वरून रबर चांगलंच दिसतं. अंगठ्याने घडी दाबली की तोंड उघडतं.

आता निर्णय. बूट फाटल्यावर जॉइंट मरतो तो ग्रीस गेल्यामुळे कमी आणि आत आलेल्या पाणी-मातीमुळे जास्त. बाहेरच्या जॉइंटमध्ये सहा पोलादी गोळ्या खाचांत फिरतात. त्या खाचांत बारीक वाळू गेली की तीच कानस होते. कोरड्या डांबरी रस्त्यावर फाटका बूट काही आठवडे निभावतो. गगनबावड्याच्या बाजूला पावसात दोन फेऱ्या झाल्या की जांभ्याचा लाल गाळ आत गेलाच म्हणून समजा.

तेव्हा ग्रीसचा थोडा भाग दोन बोटांत घेऊन चोळा. गुळगुळीत, काळं, लोण्यासारखं असेल तर बूट बदलून भागेल. बोटांना कचकच लागली, ग्रीस राखाडी किंवा तांबूस झालं असेल, किंवा त्यात पाण्याचे थेंब दिसले तर जॉइंट पूर्ण धुऊन गोळ्यांच्या खाचा बघाव्याच लागतात. खाचेत नखाला अडेल असा खड्डा, किंवा गोळीवर टोचल्यासारखे ठिपके असले तर बूट घालणं म्हणजे किडलेल्या दातावर चांदी बसवणं.

आणि एकदा मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून, पहिल्या गिअरमध्ये जरा अ‍ॅक्सिलरेटर देत गोल फिरवून बघा. 'कट-कट-कट' असा चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा आवाज आला तर बाहेरचा जॉइंट गेला. ढोबळ नियम असा की डावीकडे वळताना वाजला तर बहुधा उजवा, उजवीकडे वाजला तर डावा. त्याच्यावर पैसे लावू नका, फाटलेल्या बुटाची बाजूच जास्त खरी. सरळ जाताना वेग घेतला की गाडीचं नाक थरथरतं आणि पाय काढला की थांबतं, तो आतला जॉइंट. सतत 'घूं' असा आवाज आणि वळताना तो बदलतो, ते चाकाचं बेअरिंग. त्याला एक्सलचा दोष देऊ नका.

बूट किट काही शे रुपयांत येतं, एक्सल काही हजारांत जातो. आवाज नाही आणि ग्रीस स्वच्छ आहे म्हटल्यावर अख्खा एक्सल टाकायची घाई कशाला?

प्रश्न: मला हे काम घरी, अंगणात करायचं आहे. मारुतीची छोटी गाडी आहे, मॅन्युअल गिअर. पाने आहेत, ब्रेक पॅड आणि बॅटरी मी स्वतः बदलतो. दोन्ही बूट एका बाजूचे बदलायचे तर नेमकं कसं करू, आणि कुठे फसतं? (गडहिंग्लज)

ब्रेक पॅड जमतात तर हेही जमेल, पण पहिल्या वेळी पूर्ण दिवस ठेवा आणि रविवारी दुकानं बंद असतात हे लक्षात ठेवून सामान शनिवारीच आणा.

लागणारं सामान: आतला आणि बाहेरचा बूट, चारही क्लॅम्प, ग्रीसच्या पुड्या (चांगल्या किटमध्ये मोजून येतात), नवा हब नट (एक्सलचं टोक चाकाच्या हबला आवळणारा मोठा नट), नवी स्प्लिट पिन, एक्सलच्या टोकाची नवी सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) आणि गिअर बॉक्सचं ऑइल सील. सील जुनं चाललं तर चाललं, पण तिथे एकदा हात घातल्यावर थोड्या पैशांसाठी पुन्हा सगळं खोलण्यात अर्थ नाही. हब नटाची गोटी (सॉकेट) छोट्या गाड्यांत साधारण 29 ते 32 मिलिमीटरची लागते. अंदाजाने आणू नका, नट मोजा. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, उसना मिळाला तर नक्की घ्या. कारण पुढे येईल.

हब नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करायचा. चाकाची मधली टोपी काढा, नटाची जी कड शाफ्टच्या (एक्सलच्या दांड्याच्या) खाचेत ठोकून बसवलेली असते ती छिन्नीने उचला. ही कड न उचलता पाना लावणारे शाफ्टच्या आट्या खातात आणि तेव्हा मात्र एक्सल घ्यावाच लागतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, एक माणूस ब्रेकवर, आणि गोटीला लांब टॉमी. चाकाचे नट याच वेळी अर्धा आटा ढिले करा.

मागच्या चाकांना दगड लावा, पुढची बाजू जॅकने उचला आणि जॅक स्टँडवर, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या घोडीवर, टेकवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली डोकं घालायचं नाही. विटांच्या थप्पीवर तर नाहीच. वीट वजनाखाली सूचना न देता फुटते.

गिअर ऑइल काढून घ्या. काढलं नाही तर आतला जॉइंट सुटताच ते अंगणात येईल. ड्रेन बोल्ट सोडायच्या आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. हा क्रम उलटा करणारे बरेच असतात आणि मग तेल काढलेली, भरता न येणारी गाडी अंगणात उभी राहते.

चाक काढा, हब नट पूर्ण सोडा. एबीएस असेल तर सेन्सरची वायर क्लिपमधून मोकळी करा, नाहीतर नकल (हब ज्यात बसतो तो लोखंडी भाग) बाहेर ओढताना तीच तुटते. टाय रॉड एंडची (स्टिअरिंगचा दांडा नकलला जोडणाऱ्या टोकाची) स्प्लिट पिन काढून नट सोडा आणि नकलच्या कडेवर हातोड्याचे दोन चांगले ठोके द्या, तो सुटतो. टाय रॉडवरचा लॉक नट मात्र हलवायचा नाही, म्हणजे अलाइनमेंट जागेवर राहते. स्टॅबिलायझर बार आडवा येत असेल तर त्याची लिंकही सोडा. मग लोअर आर्मचा बॉल जॉइंट. या गाड्यांत तो नकलमध्ये एका आडव्या बोल्टने पकडलेला असतो आणि तो बोल्ट बॉल जॉइंटच्या खाचेतून जातो. नट काढून बोल्ट नुसता ढिला केला तर कितीही ठोका, बाहेर येणार नाही. बोल्ट पूर्ण ओढून काढावा लागतो. आर्म खाली दाबायला लांब पहार घ्या.

काही मिस्त्री बॉल जॉइंट सोडत नाहीत, वर शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे दोन बोल्ट सोडतात. काम लवकर होतं, पण चाकाचा कल बदलू शकतो आणि टायर एका कडेने खातं. तसं करायचंच असेल तर आधी छिन्नीने खूण करा.

आता नकल बाहेर ओढून शाफ्ट हबमधून काढा. अडला तर नट आट्यांच्या तोंडाशी ठेवून, लाकडाचा ठोकळा धरून ठोका. उघड्या शाफ्टवर हातोडा मारला की टोक फुलतं. कॅलिपर काढला असेल तर तो होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

आतला जॉइंट गिअर बॉक्समधून काढताना सगळ्यात जास्त चुका होतात. जॉइंटची वाटी आणि गिअर बॉक्सचं अंग यांच्यामध्ये टॉमी घालून एक झटका द्यायचा. आतली सर्कलिप 'खट्' करून सुटते. टॉमी सीलवर टेकवू नका आणि अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर नाजूक जागी जोर देऊ नका. आणि काहीही झालं तरी शाफ्ट धरून ओढायचं नाही. शाफ्ट ओढला की आतला ट्रायपॉड (रोलर बसवलेला तीन पायांचा भाग) वाटीतून निसटतो, जॉइंट तिथेच राहतो आणि रोलर हातात येतात.

एक्सल बाहेर आला की तो व्हाइसमध्ये धरा, जबड्यांना लाकडाच्या पट्ट्या लावून. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत बाहेरचा जॉइंट शाफ्टवरून काढायचा नसतो. दोन्ही बूट आतल्या टोकाकडून सरकवायचे. म्हणजे फक्त बाहेरचा बूट फाटला असला तरी आतला जॉइंट उघडावा लागतो. मग आतला नवा टाकूनच बसवा.

आतल्या बुटाचे क्लॅम्प कापा, वाटी आणि शाफ्टवर समोरासमोर रंगाने खूण करा, वाटी ओढून काढा. तीन पायांवर तीन रोलर दिसतील. त्यांवर लगेच चिकटपट्टी गुंडाळा, कारण रोलर घरंगळला तर आतल्या सुया अंगणभर शोधत बसावं लागतं. ट्रायपॉड कोणत्या बाजूने बसलाय ते बघून खूण करा, सर्कलिप पक्कडीने सर्कलिप काढा, ट्रायपॉड पुलरने किंवा पितळी दांड्याच्या हलक्या ठोक्यांनी सरकवा. ठोका मधल्या भागावर, रोलरवर कधीच नाही. शाफ्टवर रबरी वजन (डॅम्पर) असेल तर टोकापासूनचं अंतर मोजून लिहून ठेवा.

बाहेरचा जॉइंट शाफ्टवरच ठेवून धुवा. तो सगळीकडे वाकवत, गोळ्या एकेक बाहेर दिसतील तशा पुसत. ब्रेक क्लीनर उत्तम. डिझेलने धुतलं तर नंतर पूर्ण वाळवा; डिझेलचा थर राहिला तर नवं ग्रीस पातळ होतं आणि रबरही फुगतं.

शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळून मगच बूट सरकवा. दात्यांनी नवा बूट आतून कापला जातो आणि महिनाभराने कळतं. क्रम असा: बाहेरचा बूट मोठ्या तोंडाकडून क्लॅम्पसह, मग डॅम्पर, मग आतल्या बुटाचा लहान क्लॅम्प आणि तो बूट लहान तोंडाकडून. अर्धं काम झाल्यावर क्लॅम्प टेबलावर राहिलेला दिसला की पुन्हा पहिल्यापासून.

ग्रीस किती? पुडी मोजून असते, ती पूर्ण वापरा. सुटं घेतलं तर छोट्या गाड्यांच्या बाहेरच्या जॉइंटला साधारण 60 ते 100 ग्रॅम आणि आतल्याला 80 ते 150 ग्रॅम लागतं. निम्म्याहून जास्त जॉइंटच्या आत, गोळ्यांच्या मागे बोटाने दाबून भरा, उरलेलं बुटात. बाहेरच्या जॉइंटला ग्रीस मॉलीचंच हवं, म्हणजे मोलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं काळं. ट्रॅक्टरला लावतो ते पिवळसर एपी थ्री घरात पडलंय म्हणून भरू नका. गोळी आणि खाच यांच्यातल्या दाबाला ते टिकत नाही.

जोडताना बुटाचं लहान तोंड शाफ्टवरच्या खाचेत बसलंय ना ते बघा. क्लॅम्प आवळायच्या आधी बारीक पेचकस तोंडात घालून आतली हवा सोडा. बूट फुगलेला नको, आत ओढलेलाही नको. पट्टीच्या क्लॅम्पचं टोक चाक पुढे फिरण्याच्या उलट दिशेने वळवा. कानाचा क्लॅम्प असेल तर त्याची खास पक्कड घ्या. केबल टाय चालत नाही. तो ताणलेला राहत नाही, आणि ग्रीस लहान तोंडातून हळूहळू बाहेर येतं.

सील बदलून, त्याच्या ओठाला थोडं ग्रीस लावून, दाते सीलला घासू न देता एक्सल सरळ आत न्या आणि झटक्याने बसवा. 'खट्' ऐकू आली पाहिजे. मग वाटी धरून हलकं ओढून बघा, येता कामा नये. बाकी सगळं काढलं त्याच्या उलट. टाय रॉडच्या नटाची खाच आणि छिद्र जुळलं नाही तर नट थोडा आणखी आवळायचा, मागे फिरवायचा नाही.

आता हब नट. चाक लावा, गाडी जमिनीवर घ्या आणि नट गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कला आवळा. छोट्या गाड्यांत तो साधारण 150 ते 250 न्यूटन मीटरच्या आसपास असतो, आकडा तुमच्या मॉडेलचाच घ्या. म्हणजे किती? 175 न्यूटन मीटर म्हणजे एक मीटर पाइपच्या टोकाला सुमारे 18 किलो वजन. पाइपवर उभं राहून नाचणारा 70 किलोचा माणूस त्याच्या चौपट जोर देतो आणि बेअरिंगचा जीव घेतो. कमी आवळला तरी बेअरिंगच जातं, जरा सावकाश. आवळून झाल्यावर नटाची कड खाचेत ठोका.

गिअर ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं, या गाड्यांना बहुधा जीएल-4 प्रतीचं 75डब्ल्यू-80 ते 75डब्ल्यू-90. प्रमाण सुमारे 2 लिटर, गाडीगणिक कमी-जास्त. गाडी सपाट असताना भरायच्या छिद्रातून ओघळेपर्यंत भरायचं. 'जास्त चांगलं' म्हणून जीएल-5 घालू नका. त्यातली रसायनं सिंक्रोनायझरच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांच्या) पितळेला मानवत नाहीत. गाडी ऑटोमॅटिक असेल तर तेल वेगळं, आणि तिथे आमचा सल्ला असा की पहिलाच प्रयोग त्या गाडीवर नको.

एक राहिलं. एक्सल काढलेला असताना गाडी चाकांवर उतरवून इकडून तिकडे ढकलू नका. हबमधलं बेअरिंग एक्सल आणि नटाच्या दाबानेच एकत्र धरलेलं असतं. तो दाब नसताना गाडीचं वजन आलं तर बेअरिंग बिघडतं.

प्रश्न: आमची गाडी रोज शेतात जाते. दर ऊस हंगामात एखादा बूट फाटतोच. रबर निकृष्ट म्हणायचं का? (शिरोळ तालुका)

रबराचा दोष असेलही, पण आधी पाचट बघा. तोड चालू असलेल्या फडातून गाडी नेली की पाचटाच्या पात्या शाफ्टभोवती गुंडाळतात, सरकत सरकत बुटाच्या लहान तोंडाशी येतात आणि दोरीसारख्या पिळून बसतात. पाचटाची कड हाताला कापते, तशी रबरालाही. मोळीची किंवा कुंपणाची तार असली तर एका फेरीत बूट गेला. ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोरीतला मधला उंचवटाही खालून घासतो.

फडातून आल्यावर वाकून बघा, गुंडाळलेलं हाताने सोडवा. इंजिन बंद करून. कापायला विळा वापरलात तर बूट तुम्हीच कापाल. बूट घेताना सगळ्यात स्वस्त ताणून बसणारा एक-माप-सगळ्यांना घेऊ नका, मॉडेलचा घ्या. आणि कापलेला, गोंदाने जोडायचा बूट मिळतो, एक्सल न काढता बसतो, तो फक्त घरी पोचण्यापुरता. ग्रीस लागलेल्या जागी गोंद कसा धरणार?

प्रश्न: आमचं लेथचं काम आहे. वाजणाऱ्या जॉइंटच्या खाचा वेल्डिंगने भरून पुन्हा मशिन केल्या तर? नव्या एक्सलच्या पैशात दहा जॉइंट होतील. (शिवाजी उद्यमनगर)

उद्यमनगरात काय बनत नाही, असं आम्हीही म्हणतो. पण हे काम लेथचं नाही. सहा गोळ्यांची ही रचना फोर्डमधले अभियंता अल्फ्रेड रझेप्पा यांनी 1920 च्या दशकात पेटंट केली आणि 1959 च्या मिनी गाडीनंतर ती छोट्या गाड्यांत रुळली. तिची सगळी गंमत खाचेच्या गोलाईत आणि पृष्ठभागाच्या कडकपणात आहे. खाचेचा वरचा पातळ थर उष्णतेने कडक केलेला असतो, आतलं पोलाद चिवट. वेल्डिंगच्या उष्णतेने कडकपणा जातो, शेजारी भेगा धरतात, आणि सुमारे 45 अंशांत वाकलेला जॉइंट टॉर्क घेताना तिथूनच फुटतो. पूर्ण वळणावर चाक आणि इंजिनचा संबंध तुटणं हे घाटात परवडणारं नाही.

नीट दुरुस्ती करणारे खाचा ग्राइंड करून किंचित मोठ्या गोळ्या बसवतात, आणि तेही कडक थर शिल्लक असेपर्यंतच. त्याला खाचेचं ग्राइंडिंग मशीन लागतं. लेथवर टूल टेकवून होत नाही.

एक जुनी युक्ती सांगतो, ती मात्र खरी आहे. पुढे जाताना गोळ्या खाचेच्या एकाच बाजूला दाबतात, दुसरी बाजू जवळजवळ नवी राहते. डावा-उजवा बाहेरचा जॉइंट सारखा असेल आणि शाफ्टवरून निघत असेल, तर अदलाबदल केल्यावर भार न झिजलेल्या बाजूवर येतो आणि आवाज काही काळ थांबतो. तोवर नव्याचे पैसे जमवा. ट्रायपॉडचा पुलर, हब नटाची लांब गोटी, कानाच्या क्लॅम्पची पक्कड मात्र जरूर बनवा, गिऱ्हाईक मिळेल.

प्रश्न: रिव्हर्समधून पहिला टाकून गाडी हलवली की एकदाच 'टक्' होतो. बूट ठीक आहेत. दोन गॅरेजनी एक्सल बदलायला सांगितलं. (जयसिंगपूर)

एकदाच होणारा 'टक्' आणि वळताना सतत होणारी कटकट या वेगळ्या गोष्टी आहेत. दिशा बदलल्यावर एकदाच टकटकणारा आवाज पुष्कळदा हबमध्ये असतो. नट कमी आवळलेला, किंवा जॉइंटचा खांदा आणि बेअरिंग यांच्यामधली जागा कोरडी, गंजलेली. हब नट काढून शाफ्ट थोडा मागे सरकवा, खांद्याचा गंज ब्रशने साफ करा, दात्यांवर आणि खांद्यावर मॉली ग्रीसचा पातळ हात द्या, नवा नट टॉर्कला आवळा. खर्च एका नटाचा. तरीही राहिला तर इंजिनचे माउंटिंग आणि लोअर आर्मचे बुश बघा. एक्सल या यादीत शेवटी येतो.

प्रश्न: बाजारातला स्वस्त नवा एक्सल टाकला. दुसऱ्या दिवशी गिअर बॉक्सखाली तेलाचे थेंब, आणि 70 च्या पुढे वेग घेताना नाक हलतं. (इचलकरंजी)

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं: एक्सल पूर्ण आत बसलेला नाही. दुसऱ्या बाजूच्या एक्सलची वाटी आणि गिअर बॉक्स यांच्यातली फट बघून तुलना करा; सर्कलिप बसली नसेल तर नव्याकडे काही मिलिमीटर जास्त दिसेल. बसलाय म्हणालात तर सील बघा. तिथे सगळं पुसा, खाली कागद ठेवा, रात्रभरात नवा थेंब पडला तर सीलचा ओठ दात्यांनी कापला गेलाय. थेंब नसेल तर ते खोलताना सांडलेलं तेल होतं. तोवर तेलाची पातळी तपासल्याशिवाय गाडी लांब नेऊ नका.

नाक हलणं फक्त वेग घेताना होत असेल आणि पाय काढल्यावर थांबत असेल, तर स्वस्त एक्सलच्या आतल्या जॉइंटचा ट्रायपॉड ढिला आहे. हे बॅलन्सिंगने जात नाही, म्हणून त्यावर पैसे घालू नका. पावती घेऊन एक्सल परत करा. वेग कायम ठेवला तरी हलत असेल तर चाकाचं बॅलन्सिंग. आणि पुढच्या वेळी जुना एक्सल शेजारी ठेवून लांबी, दात्यांची संख्या आणि एबीएसची रिंग आहे की नाही, हे दुकानातच मोजा.

प्रश्न: पुराचं पाणी गाडीच्या दाराच्या खालच्या कडेपर्यंत आठ तास होतं. बूट फाटलेले नाहीत. जॉइंट उघडायचे का? (चिखली)

2019 आणि 2021 च्या महापुरानंतर इंजिन आणि वायरिंगकडे सगळ्यांनी बघितलं, गिअर बॉक्स बहुतेकांनी सोडला. बूट अखंड आणि क्लॅम्प घट्ट असतील तर जॉइंटमध्ये पाणी सहसा जात नाही. गिअर बॉक्समध्ये जातं, वरच्या हवेच्या नळीतून. गरम गिअर बॉक्स पाण्यात थंड होताना आत हवा ओढतो, आणि नळी बुडाली असेल तर पाणी. ड्रेन बोल्टमधून थोडं तेल काचेच्या ग्लासात घ्या. दुधाच्या चहासारखं दिसलं तर लगेच बदला, 200-300 किलोमीटरने पुन्हा एकदा बदला. एका बाजूचा लहान क्लॅम्प सोडून ग्रीस बघा. राखाडी, पाणेरी असेल तर जॉइंट धुऊन भरा, आणि आठवडा जाऊ देऊ नका. गोळीवर गंजाचा ठिपका धरला की तो पुन्हा गुळगुळीत होत नाही.

प्रश्न: माझ्या ईकोला पुढे हे रबरी बूट दिसतच नाहीत. कोणी काढून घेतले का? (आजरा)

कोणी काही काढलं नाही. ईकोची ताकद मागच्या चाकांना जाते, म्हणून पुढे हे एक्सल नसतातच. पद्मिनी आणि अँबेसेडरलाही असंच, लांब शाफ्ट आणि त्याच्या टोकांना क्रॉस, म्हणजे अधिकाच्या चिन्हासारखा जॉइंट. पुढची चाकं ओढणारी मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली आणि मग आपल्या गॅरेजांना जॉइंटची सवय लागली. तुम्ही क्रॉस तपासा: चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल करा, गाडीखाली जाऊन शाफ्ट हाताने दोन्हीकडे पिळा. क्रॉसच्या जागी जराही ढिलाई जाणवली, किंवा बेअरिंगच्या टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली, तर क्रॉस बदला.